बांबूचा चिमटा अन् टोप्यांचं पान

सेवा जोहार, मानकूभाऊ.

आता याचं उत्तर कोण देईन? आपला कायदा ठरलेला होता. गोंडपिपरीच्या बाजाराच्या दिवशी तू दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की मी म्हणायचं 'सेवा जोहार', अन् तू म्हणायचं 'जय भीम, डाक्टर'. तुझा गोंडाचा जोहार मी म्हणायचा, माझा जय भीम तू. ज्याच्या तोंडून आधी निघालं तो जिंकला, हरणाऱ्यानं चहा पाजायचा. बहुतेक वेळा तूच जिंकायचा, कारण मी डोळ्याले भिंग लावून खाली मान घालून बसलेला, अन् तू मांजराच्या पायानं येणारा. घड्या दुरुस्त करणाऱ्याले डाक्टर म्हणणारा साऱ्या तालुक्यात तू एकटाच होता. बाकीच्यांसाठी मी घडीवाला.

तुले जाऊन महिना होत आला. तुझा स्टूल अजून काउंटरच्या बाजूलेच आहे. कोणी गिऱ्हाईक बसाले लागलं तं मी म्हणतो, बसू नका, पाय मोडका आहे त्याचा, पडसान. मोडका-बिडका काही नाई. खोटं बोलतो मी. खोटं बोलण्याची मले सवयच लागली, अन् ती कवापासून लागली ते तुले माहीत आहे. त्याच्यावर येतोच मी, पण एकदम नको. थोडं थोडं येऊ दे.

तू पहिल्यांदा आला तवा घडी घेऊन नोता आला. एक गोल, चपटी, गंजलेली पत्र्याची डबी तू माझ्यापुढं ठेवली अन् म्हणाला, "घडीचं झाकण उघडतं नं तू? मंग हेबी उघड." मी आपला झाकणाच्या कडेले सुरी लावून जोर कराले बसलो. झाकण हाललं तवा सहज विचारलं, काय आहे हो हे? तू शांतपणानं म्हणाला, "बंदुकीच्या टोप्या." अरे बापा! मी डबी ठेवली अन् खुर्चीसगट मागं सरकलो. तू असा हासला, असा हासला की समोरचा मिरचीवाला उठून पाह्याले आला. आपली ओळख ही अशी झाली.

मंग तूच समजावून सांगतलं. तुझ्या आजापासून चालत आलेली भरमार बंदूक. पीक राखाचं सरकारी लायसन. वरून नळीत बारूद ठासायची, अन् मागं घोड्याखाली मसुराच्या दाण्याएवढी तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला तं बार, टोपी नसली तं बंदूक म्हणजे नुसती काठी. तू उभ्या जन्मात डुक्कर मारलं नाई. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की बांधावर उभं राहून आवाज काढायचा, बस. "त्याईलेबी पोट हाय," तू म्हणायचा, "पण माझंच पोट काऊन फाडतेत?"

जोवर डबी होती तोवर ठीक होतं. मंग चंद्रपूरच्या दुकानात टोप्या नव्याच पॅकिंगमधी याले लागल्या. पहिल्यांदा तू ते माझ्या टेबलावर ठेवलं तवा तुझं तोंड पाह्यासारखं झालतं. औषधाच्या गोळ्याईचं पान असते नं, अगदी तसं. प्लास्टिकच्या एकेका खड्ड्यात एकेक टोपी उपडी बसवलेली, अन् मागून कागद चिकटवलेला. "डोकं दुखलं तं खायाच्या का ह्या?" तू म्हणाला. मले हासू आलं, पण पान मी लगेच खाली ठेवलं. कारण पान हातात आलं की आंगठा आपोआप दाबाले जाते. डोकेदुखीची गोळी आपण दाबूनच काढतो. अन् ही अशी गोळी की जिले दाबायचंच नाई.

ज्यानं हे पॅकिंग काढलं त्यानं एकदा तरी नांगर धरलेल्या माणसाची बोटं पाहाले पाहिजे होती. तुझी बोटं म्हणजे सागाच्या फांद्या. त्यात मोतीबिंदू उतरू लागलेला. म्हणून तू माझ्याकडं ते पान आणलं. पोलीस ठाण्याच्या कायद्यानं तू ते घराबाहेर आणायचंच नोतं, हे तुलेबी माहीत होतं अन् मलेबी. पण तू म्हणाला, "घरी फोडत बसलो तं एखांदी हातात फुटन. तुह्या हातासारखा हात माह्या गावात नाई." हे वाक्य मी किती वर्सं छातीवर मिरवलं, भाऊ.

मंग दरसाल भादव्यात आपलं ते काम ठरून गेलं. घरून तू एका पितळी ताटलीत धानाचा कोंडा आणायचा, टोपी निसटली तरी मऊ पडली पाहिजे म्हणून. मी मागचा कागद ब्लेडनं हळूहळू सोलायचो. अन् टोपी उचलाले तू आणलेला बांबूचा चिमटा. हिरवा बांबू चिरून, विस्तवावर वाकवून, टोकं घासून घासून नखासारखी केलेली. काढलेली टोपी कापसात गुंडाळून बांबूच्या कांडीत. एक पान रिकामं कराले अर्धा बाजार सरून जायचा.

मले त्या चिमट्याचा राग यायचा. माझ्याजवळ स्टीलच्या चिमट्याईचा पुरा संच, केसाएवढा स्क्रू उचलणारा, अन् हा माणूस मले काडी देते! "हा चिमटा काय चुलीतला निखारा काढाचा आहे?" मी म्हणायचो. तू म्हणायचा, "टोपीले लोखंड लावू नोको. लोखंड घाईचं असते. बांबूले घाई नाई." मी म्हणायचो, घाई लोखंडाले नसते, माणसाले असते. तू म्हणायचा, "तं मंग माणसाच्या हातात बांबू द्यायचा." या एका गोष्टीवर आपण सात-आठ भादवे भांडलो असू. ते भांडण कधी मिटलंच नाई. चहा पेलो की तिथंच सोडून उठायचो, अन् पुढच्या साली तिथूनच सुरू.

आता त्या दिवसावर येतो. येणं भागच आहे.

परवाच्या सालचा भादवा. त्याच्या आधी पाच-सहा महिन्यांपासून माझ्या उजव्या हाताले काहीतरी होऊन राह्यलं होतं. बारीक काम धरलं की आंगठा आपल्या मनानं थरथरे. मी कोणाले सांगतलं नाई. बायको असती तं तिले सांगतलं असतं, पण ती जाऊन दहा वर्सं झाली. पोरगा पुण्याले, त्याले फोनवर काय सांगू? सकाळी लवकर दुकान उघडायचो, बारीक कामं गिऱ्हाईक याच्या आत उरकायचो, अन् बाजार भरला की नुसते सेल बदलायचो. वाटलं, कोणालेच समजलं नाई.

त्या दिवशी बाजार मोठा होता. एक जण सासऱ्याची घडी घेऊन उभा होता, अन् घाई कर घाई कर चालू होतं त्याचं. पानावरच्या शेवटच्या चार-पाच टोप्या राहिल्या होत्या. एक टोपी कागदाच्या गोंदाले चिकटून बसली होती. बांबूच्या चिमट्यानं येईना. तू म्हणाला, "राहू दे, डाक्टर. ती तशीच राहू दे." मी बांबू बाजूले टाकला अन् माझा स्टीलचा उचलला. तू माझ्या मनगटाले हात लावला, हलकेच. मी झटकला. अन् त्याच वक्ती आंगठा थरथरला.

फाट्!

एवढूशी वस्तू अन् आवाज केवढा! टेबलावरची काच तडकली, माझं बोट भाजलं, अन् एक कपची उडून तुझ्या भुवईवर लागली. रक्त डोळ्यात उतरलं. माणसं धावली, मिरचीवाला बोंबलला, अन् बाजारात ड्युटीवर असलेला शिपाई आला. त्यानं विचारलं, "कोणाच्या हातून फुटलं?"

माझं तोंड उघडलं होतं, भाऊ. खरं सांगतो, उघडलं होतं. पण आवाज निघायच्या आत तू बोलला, "माह्या हातून, साहेब. मले नीट दिसत नाई."

अन् मी तोंड बंद केलं.

तेवढंच असतं तं एक वेळ मी स्वतःले माफ केलं असतं. घाबरला माणूस, नाई बोलला. पण तू शिपायासंगं गेला, अन् लोकाईनं मले विचारलं, काय झालं घडीवाले? तवा मी काय म्हणालो ते ऐकून घे. मी म्हणालो, "काय सांगू, म्हातारा ऐकतच नोता." माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. शिव्या द्यायच्या तं आता दे, मी बसलो आहे इथंच.

ठाण्यात त्यायनं त्यायच्या नियमानं केलं. टोप्या घराबाहेर काढल्या, गर्दीत हाताळल्या, निष्काळजीपणा केला, असा शेरा तुझ्या फायलीत पडला, बंदूक जमा झाली अन् लायसन पुढं वाढलं नाई. त्या साली डुकराईनं तुझ्या धानाच्या बांधीत नाच केला म्हणे. तू डबडं वाजवून वाजवून राखण केली. थंडीत बांधावर बसून बसून तुझ्या छातीत खोकला बसला. हे सारं मले इकडून तिकडून समजत होतं. दर बाजारी वाटे, आज मानकूभाऊ येईन. तू आलाच नाई. मी म्हणालो, रागावला. रागावाचाच. अन् मनाच्या एका कोपऱ्यात मले बरंबी वाटलं, की आला नाई ते ठीक झालं, तोंड दाखवावं नाई लागलं. बघ किती हलका माणूस मी.

पण एक गोष्ट होऊ लागली. तुझ्या गावची माणसं दुकानात याले लागली. आधी कधी न येणारी. एका बुढ्यानं गजराची घडी आणली, आत मुंग्याईनं घर केलेलं. एका बाईनं पोराची मनगटी घडी आणली, तिले फक्त चावी द्यायची राहिली होती. अंगणवाडीची भिंतीवरची घडी आली, शाळेची आली. मी कुरकुर करायचो, ह्या गावाले अचानक वेळ पाहाचं काऊन सुचलं? सारी मोठी कामं, जाड्या चाकाची. तसल्या कामात आंगठा थरथरला तरी चालून जाते. त्यात माझं साल निघालं.

तू गेल्याचं मले मिरचीवाल्यानं सांगतलं. खोकला वाढला, दोन दिवस दवाखाना, अन् झालं. मी दुकान बंद केलं. शटर ओढलं अन् आतच बसलो. साऱ्या घड्या टिकटिक करत होत्या.

तुझ्या कार्याच्या दिवशी मी तुझ्या गावाले आलो. इतक्या वर्साईत पहिल्यांदाच. तूच दर वेळा यायचा, मी कधीच नाई. मोहाच्या झाडाखाली माणसं बसली होती. वैनीनं मले पाह्यलं अन् लगेच ओळखलं. जेवण झाल्यावर तुझी पोरगी, सुमन, बाजूले येऊन बसली. नवरा वारल्यापासून ती तुझ्याच घरी आहे, बांधी तीच पाहते, हे तू सांगतलं होतं. ती म्हणाली, "काका, बंदुकीचं लायसन माह्या नावावर मागतलं मी. ते म्हणतेत, बाबाच्या फायलीत शेरा हाय, घरच्याईच्या हातून पुन्हा तसंच होईन. औंदाचं धान कसं राखू?" तिनं माझ्याकडं काही मागतलं नाई. नुसतं सांगतलं.

मी वैनीकडं वळलो. मी म्हणालो, "वैनी, त्या दिवशी टोपी मानकूभाऊच्या हातून नाई फुटली. माझ्या हातून फुटली."

वैनी पत्रावळी गोळा करून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मले माईत हाय."

"कोणी सांगतलं?"

"त्यानंच. त्याच दिवशी. म्हणे, डाक्टराचा हात थरथर कापून राह्यला. कोणाजवळ बोलू नोको. घडीवाल्याचा हात कापते हे समजलं तं त्याच्याकडं घडी कोण देईन?" मंग पत्रावळी बाजूले ठेवून म्हणाली, "मी भांडली त्याच्यासंग. आपली बंदूक गेली, अन् तुले त्याच्या हाताची पडली? तं मले म्हणे, बंदूक नसली तं आपल्याले डबडं वाजवता येते. त्याचा हात गेला तं त्यानं काय वाजवाचं?"

मी बसल्या जागी रडलो, भाऊ. इतक्या माणसाईत. लाज नाई वाटली.

सुमन म्हणाली, गावभर हिंडून बंद पडलेल्या घड्या बाबाच गोळा करे. ज्याची चालू असन त्याले म्हणे, साफ करून आण, पण डाक्टराकडंच ने. अन् म्हणे, तिथं माझं नाव घेऊ नोको. मी विचारलं, मंग तो स्वतः काऊन नाई आला? त्यावर वैनी म्हणाली, "म्हणे, मी गेलो तं त्याले लाज वाटन. त्याची लाज सरली की येतो."

माझी लाज सराची वाट पाहत बसला तू? अरे, माझी लाज अशी सरणारी होती का? तू एकदा पायरीवर पाय ठेवला असता, भुवईवरचा व्रण दाखवला असता, 'काय रे भडव्या' म्हणाला असता, तं मी तिथंच सारं ओकून टाकलं असतं. तू चांगुलपणा केला अन् मले एकटं पाडलं. याचा मले राग आहे. उपकार आहेत तुझे, ते फेडाले मी पुरणार नाई, पण रागबी आहे, अन् तो तुलेच सांगतो, कारण दुसऱ्या कोणाले सांगू? अन् तो खोकला. वैनी म्हणते छाती आधीपासूनच कमजोर होती. ती माझ्यासाठी म्हणते का खरंच होती, हे मले कधी समजणार नाई.

निघताना वैनीनं तो बांबूचा चिमटा माझ्या हातात दिला. त्या दिवशी टेबलाखाली पडलेला तू उचलून नेला होता तोच. टोकं पुन्हा घासलेली दिसली. मधात सुताचा एक नवा वेढा होता, जाड. मी घरी येऊन धरून पाह्यला. वेढ्यामुळं आंगठ्याले टेकू मिळते. हात कापते पण टोक कापत नाई. तुझ्या बोटाईले त्या वेढ्याची गरज नोती, भाऊ. तो वेढा कोणासाठी घातला होता, हे मी कोणाले विचारू?

काल सुमनसंग ठाण्यात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढलो. मुन्शीले म्हणालो, मले बयाण लिहून द्यायचं आहे. त्यानं कागद दिला अन् म्हणाला, तुमीच लिहा. मी म्हणालो, माझं अक्षर आता वाचता येत नाई, तुमी लिहा, मी सांगतो. मी सांगतलं. पॅकिंग कसं होतं, कोंडा कसा होता, मानकूभाऊ नको म्हणत असताना मी लोखंड कसं उचललं, त्यानं मनगट धरलं तं मी कसं झटकलं. सुमन खाली मान घालून ऐकत होती. मुन्शीनं लिहिता लिहिता विचारलं, "तुमी तं घडीवाले नं? तुमच्या हातून कशी फुटली?"

दोन माणसं बाकावर बसली होती. एक माझाच गिऱ्हाईक, त्याची घडी तवा माझ्या दुकानात होती.

मी म्हणालो, "माझा हात कापते. दोन सालापासून कापते. लिहा."

त्यानं लिहिलं. लायसन मिळन का नाई ते वरचे ठरवतीन म्हणाला, पण शेऱ्याखाली हे जोडतो. मंग कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. नावातलं एक अक्षर इकडं गेलं, एक तिकडं. मुन्शी त्या सहीकडं पाहत राहिला, मंग माझ्याकडं, अन् म्हणाला, "ठीक आहे, काका. याले वेगळा पुरावा नाई लागत."

आज बाजार आहे. बाकावरचा तो माणूस सकाळीच येऊन घडी घेऊन गेला, काम न करून घेताच. दुपार झाली, दुसरं कोणी आलं नाई. तुझा चिमटा टेबलावर आहे. तुझं बरोबर होतं, भाऊ, लोखंड घाईचं असते. हे एवढं म्हणाले मले सात-आठ भादवे लागले, अन् आता जिंकाले तू नाई.

पायरीवर कोणाचं पाऊल वाजलं की मी आधी 'सेवा जोहार' बोलतो. सवयच आहे. आता मीच जिंकतो, दर वेळा मीच. चहा कोणी पाजत नाई.